मन्मथअप्पा आणि बोटीमागचं पाणी

मन्मथअप्पांना पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगितलं की लोक मला खोटारडी म्हणतात. आमच्या नांदेडच्या जलक्रीडा मंडळाची बोट ज्या माणसानं निवडली, तो माणूस घोटाभर पाण्यात उतरतानासुद्धा शेजारच्याचा खांदा घट्ट धरायचा. धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर चौपदरी पांढरा रुमाल आणि त्यावर भडक नारिंगी लाइफ जॅकेट. देह असा की जॅकेटचा पट्टा पोटावरून पुरायचा नाही. म्हणून त्यांनी त्याला बैलाच्या कासऱ्याचा हातभर तुकडा जोडला होता. हा असा अवतार विष्णुपुरी धरणाच्या काठावर दिसला की सकाळी फिरायला आलेली माणसं थांबून बघायची. अप्पा त्यांनाच विचारायचे, "काय बगून राहिले? इकडं पाण्याकडं बगा की!"

अप्पा मूळचे रेणापूरकडचे. लातुरात त्यांचं पंप-इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. ते मुलाच्या हाती देऊन ते नांदेडला लेकीकडे राहायला आले आणि आठ दिवसांत कंटाळले. एका सकाळी धरण बघायला म्हणून घाटावर आले, तेव्हा आमची बचावनौका बंद पडली होती आणि मी, म्हणजे मंडळाची चिटणीस, शाळेत खेळ शिकवणारी बाई, तिच्यावर यथेच्छ तोंडसुख घेत होते. अप्पांनी खिशातून लांब पेचकस काढला, टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि स्टेअरिंगवर बसलेल्या आमच्या इरफानभाईंना म्हणाले, "चालू करून बगा." इंजिन दोनदा खोकलं. अप्पा डोळे मिटून ऐकत होते.

"बाई, ह्याला रोग न्हाई, उपास घडून राहिला. पेट्रोल पोचना."

पाच मिनिटांत जाळी काढून, तोंडानं फुंकून, परत बसवून त्यांनी इंजिन चालू केलं. त्या दिवसापासून ते रोज सकाळी साडेसहाला हजर. कुणी बोलावलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आता येऊ नका म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आमच्याकडे तेव्हा खेळाडू दोन आणि धड बोट एकही नाही. एक प्रज्ञा. तिचे वडील धरणावर चौकीदार, त्यामुळे पोरगी पाण्याशेजारीच वाढलेली. तिचा खेळ स्लालमचा. म्हणजे एका फळीवर उभं राहायचं, बोटीला बांधलेली दोरी धरायची आणि सरळ जाणाऱ्या बोटीमागे डावी-उजवीकडे झेपावत पाण्यावर तरंगणाऱ्या सहा नारिंगी गोळ्यांना वळसे घालायचे. दुसरे इरफानभाई. देगलूर नाक्यावर त्यांचं सोफे शिवायचं दुकान, आणि खूळ अनवाणी स्कीइंगचं. पायाखाली फळी नाही, काही नाही. बोट गाडीसारखी पळवायची आणि नुसत्या तळव्यांवर पाण्यावर उभं राहायचं. अप्पांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाकून इरफानभाईंचे तळवेच तपासले.

दोघंही त्या बचावनौकेमागे सराव करायचे. ती बिचारी माणसं वाचवायला बनवलेली, खेळवायला नव्हे. मागे असं पाणी उसळायचं की प्रज्ञा दुसऱ्या गोळ्याला जाईपर्यंत तोंडावर आपटायची. नाक दाबून, केस पिळून परत उभी राहायची. तीन महिन्यांवर राष्ट्रीय संघाची निवड होती. घरी वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "बाळा, ह्या बारीला झालं तर झालं. न्हाईतर नर्सिंगला नाव घालायचं." त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

ती घाटावर आली की म्हणायची, "जय भीम, अप्पा." अप्पा दोन्ही हात जोडून, त्यांच्या लिंगायत रीतीचा नमस्कार म्हणून, म्हणायचे, "शरणार्थी, माय. आज किती भोपळे?" त्या नारिंगी गोळ्यांना ते भोपळेच म्हणायचे. त्यांच्या गावात पोरं कमरेला वाळके भोपळे बांधून विहिरीत पोहायला शिकायची. फक्त अप्पांना त्यांच्या आईनं कधी विहिरीच्या काठावर फिरकू दिलं नाही. प्रज्ञा हाताचं एक बोट दाखवायची. कधी तेही नाही.

अखेर मंडळानं बोट घ्यायचं ठरवलं. एकच, तीही वापरलेली, आणि त्यानंतर दहा वर्षं दुसरी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती बघायला आम्ही पाच जण जीप करून पुण्याकडच्या एका तलावावर गेलो. अप्पा, प्रज्ञा, इरफानभाई, मी आणि आमचे अध्यक्ष भाऊसाहेब. भाऊसाहेब अर्धापूरचे केळीवाले बागायतदार, मनानं राजा माणूस, पण चकाकणाऱ्या वस्तूवर पटकन भाळणारे. वाटेत अप्पांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली आणि बैलांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. माळेगावच्या जत्रेत म्हणे पंचक्रोशीतले लोक त्यांना बैल निवडायला घेऊन जात.

"लोक काय बगतेत? शिंगं. वशिंड. दात. मी न्हाई बगत. मी म्हंतो, जुंपा त्याला औताला अन् चालवा. मग मी मागं उकिडवं बसतो अन् तास बगतो." तास म्हणजे नांगराच्या मागे मातीत पडत जाणारी चर. "तास सरळ पडला की बैल चांगला. तोंड कसं का असंना. तोंडाकडून कुणी नांगरतंय का?"

भाऊसाहेब हसले. मीही हसले. मला काय ठाऊक, हा माणूस तलावावर जाऊन तेच करणार आहे!

तिथं तीन बोटी होत्या. पहिली बघून भाऊसाहेबांचा श्वासच अडकला. काळी-लाल, वर कमान, कमानीला चार भोंगे, आत निळे दिवे. दुसरी हलकी, मागे इंजिन टांगलेली, वाऱ्यासारखी पळणारी. तिच्यावर इरफानभाईंचा जीव बसला. तिसरी फिक्या हिरव्या रंगाची, उन्हानं विटलेली, सीटा फाटलेल्या, इंजिन पोटात मधोमध आणि त्याच्यापुढे दोरी बांधायचा एक खांब. तिच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

अप्पा तिन्हींत बसले. तिन्हींत उलटं तोंड करून बसले. विकणारा माणूस स्टेअरिंगकडे हात दाखवून काय काय सांगत होता, आणि अप्पा त्याच्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी कडा गच्च धरून, डोळे ताणून मागचं पाणी बघत होते. पायाजवळ पाण्यानं भरलेला पितळी लोटा. मागे दोरीला प्रज्ञा.

पहिल्या बोटीमागे भलामोठा उंचवटा उठला. प्रज्ञा त्याच्यावर चढली ती हवेतच गेली. विकणारा खूश होऊन म्हणाला, ह्या बोटीत टाक्या आहेत, त्यांत पाणी भरून बोट जड करतात, म्हणजे मागे आणखी मोठी लाट येते, उड्या मारणाऱ्यांना तीच हवी असते.

"आमच्या पोरीला उडायचं न्हाई, बाबा," अप्पा म्हणाले. "तिला भोपळे काढायचेत."

दुसरी बोट सुसाट सुटली. इरफानभाई तिच्यामागे अनवाणी उभे राहिले आणि "या अल्ला!" म्हणून ओरडले ते काठावर ऐकू आलं. पण प्रज्ञानं जोर लावून बाजूला ओढ घेतली की त्या हलक्या बोटीचं ढुंगण तिच्याकडे सरकायचं. लोटा दोनदा कलंडला. अप्पांचं धोतर भिजलं.

तिसरी बोट निघाली. अप्पा बसले होते ते हळूहळू पुढे वाकले. बोटीच्या पोटाखाली तीन पाती होती, ती पाणी धरून ठेवायची. प्रज्ञानं कितीही ओढलं तरी बोट रेघ सोडेना. मागे उठलेली लाट इतकी बुटकी आणि मऊ, की प्रज्ञा तिच्यावरून गेली हे तिच्या गुडघ्यांनाही कळलं नसेल. मग इरफानभाई उतरले, बोट आणखी पळवली, तेव्हा मागचं पाणी आणखी चपटं झालं. लोट्यातलं पाणी हललं, पण सांडलं नाही. अप्पांनी पेचकस काढून इंजिनही ऐकलं. मग उठून उभे राहिले, तोल गेला, खाली बसले आणि बसूनच ओरडले, "बाई! तास बगा, तास! अवो काय तास पडून राहिलाय!"

आणि मी पहिल्यांदा बोटीच्या मागे नीट बघितलं. खरंच, पाण्यावर लांबच लांब सरळ रेघ.

नांदेडला परतल्यावर बैठकीत जे भांडण झालं ते मी लिहीत नाही, कारण त्यात माझीही जीभ घसरली. भाऊसाहेबांना भोंगेवाली हवी होती. बाकीचे म्हणत होते, एवढा खर्च करून विटकी बोट आणली तर लोक तोंडात शेण घालतील. अप्पा एवढंच म्हणाले, "हिरवी आणा. पोरगी तिच्यामागं पडली तर मी पुन्हा ह्या घाटावर पाय ठेवणार न्हाई." रोज सकाळी साडेसहाला येणाऱ्या माणसानं हे म्हणायचं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. हिरवी आली.

इरफानभाईंनी तिच्या सीटा स्वतः शिवल्या. अप्पांनी बोअरच्या पाइपातून एक आडवा दांडा वेल्डिंग करून घेतला. तो बोटीच्या बाजूला बाहेर निघायचा, म्हणजे अनवाणी शिकणाऱ्याला लाटेपासून लांब, गुळगुळीत पाण्यावर धरून उभं राहता येतं. अप्पा त्याला "जू" म्हणायचे, म्हणून आम्हीही जूच म्हणायला लागलो.

मग उद्घाटन. काय सांगू तो थाट! हार, पेढे, हलगी. भटजींनी विचारलं, लिंबं कुठल्या चाकाखाली ठेवायची? कुणीतरी ती ट्रेलरच्या चाकांखाली ठेवली. भाऊसाहेब नारळ घेऊन बोटीच्या नाकावर फोडायला निघाले तेव्हा अप्पा मध्ये आडवे झाले. "अवो फायबर हाय ते! दगडावर फोडा की, दगडाला काय धाड भरलीय?" नारळ दगडावर फुटला आणि मग सगळे बोटीत चढले.

सगळे म्हणजे सगळे. भाऊसाहेब, त्यांच्या मंडळी, दोन नातवंडं, तीन देणगीदार, हलगीवाला, पेढ्यांचे खोके, इरफानभाई स्टेअरिंगला आणि अप्पा आपल्या जागी, मागे तोंड करून. पहिल्या दिवशी नको कसं म्हणायचं? आपल्याकडे नवी गाडी आली की आधी गल्ली फिरून येते, मग कामाला लागते. मी काठावरून टाळ्या वाजवत होते.

प्रज्ञा निघाली आणि पहिल्या भोपळ्यालाच आपटली. परत उभी राहिली. परत आपटली. बोटीमागे असा डोंगर उठत होता की काठावरूनही दिसत होता. हलगी बंद पडली. प्रज्ञाचे वडील खाली मान घालून चपलेनं माती उकरत होते. बोट घाटाला लागली तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "अप्पा, बैल निवडणं सोपं असतं. बोट म्हणजे बैल नव्हे." मनानं वाईट नव्हते, पण बोलून गेले. अप्पा खाली उतरले आणि कुणाचाही खांदा न धरता घोटाभर पाण्यात उभे राहून बोटीकडे बघायला लागले. मला वाटलं, झालं, गेला हा माणूस आता लातूरला.

आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. "हात् तिच्या! बाई, त्या काळ्या बोटीत काय भरत व्हते?"

"पाणी. टाक्यांत."

"अन् आपण काय भरलं? माणसं! डोंगर उठंल न्हाई तर काय व्हईल? उतरा! उतरा समदे! ओ हलगी, उतर. भाऊसाब, तुमी बी."

माणसं उतरायला लागली तशी बोट बोटभर, दोन बोटं वर येत गेली. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. दोरीला खेळाडू असला की बोटीत दोघं लागतात, एक पुढे बघून चालवणारा आणि एक मागे तोंड करून खेळाडूवर नजर ठेवणारा. ती दुसरी जागा अप्पांची होती. मी म्हटलं, "चला अप्पा, बसा."

"मी? मी तर पयला खाली!" त्यांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. "हे काय कमी वजन हाय? तुमी बसा. तुमी वाऱ्यानं उडताल." आणि खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातात दिला. "भोपळा काढला की रुमाल वर. मला इथून दिसंल."

इरफानभाईंनी "बिस्मिल्ला" म्हटलं आणि बोट सुटली. मागे तीच सरळ रेघ, तीच बुटकी लाट, आणि प्रज्ञा डावीकडे गेली, वळली, रुमाल वर! उजवीकडे, वळली, रुमाल वर! तिसरा! चौथा! पाचव्याला फळी निसटली आणि ती पाण्यात गेली, पण डोकं वर काढून वेड्यासारखी हसत होती. मी बोटीत उभी राहून किंचाळत होते, वयाचं भान नाही की पदाचं नाही. घाटावर हलगी सुरू झाली होती. भाऊसाहेबांनी अप्पांना कवेत घ्यायचा प्रयत्न केला, पण हात पुरले नाहीत.

मी उतरले तेव्हा अप्पांनी फक्त विचारलं, "तास कसा व्हता?"

"सरळ, अप्पा. दोरी लावल्यासारखा."

त्यांचे डोळे भरून आले. मग रुमाल मागून घेतला आणि चेहरा पुसला.

पण आपण त्या बोटीत बसू शकत नाही, हे अप्पांना फार लागलं. दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, "वजन कमी करून राहिलो. निवडीच्या आधी मी माझ्या जागेवर बसणार." पेढे बंद. दशमीवरचं तूप बंद. घाटावर फेऱ्या. कासऱ्याचा तुकडा दर आठवड्याला बोटभर आखूड व्हायला लागला, आणि आम्ही सगळे टाळ्या पिटायला लागलो. इरफानभाई म्हणायचे, "अप्पा, अब तो हीरो दिखते!" भाऊसाहेब विचारायचे कुठला वैद्य. मीही, शहाणी, शाळेत मुलांना उदाहरण म्हणून अप्पांचं नाव सांगायची. दोन महिन्यांत कासरा सुटला आणि पट्टा नुसताच पुरायला लागला. मग पट्टाही सैल झाला.

एके दिवशी प्रज्ञा पाच भोपळे काढून आली. ती गेल्यावर अप्पा आणि मी दोघंच पायऱ्यांवर बसलो होतो. मी म्हटलं, "अप्पा, आता पुरे हं. गालफडं बसली. उद्यापासून दशमीवर तूप घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, पयल्या महिन्यात मी कमी केलं. त्याच्या फुडचं मी न्हाई केलं. डाक्टरला दाखवलं. तो म्हणला, मन्मथराव, उशीर झाला."

आम्ही टाळ्या वाजवत होतो, हो! दर आठवड्याला.

"रडू नका," अप्पा म्हणाले. "अन् पोरीला सांगू नका. वजन कशानं गेलं ते बोटीला काय करायचंय? हलकं झालो ना? मग उद्या मला माझी जागा द्या."

मी कुणाला सांगितलं नाही. पुढे काय झालं तेही सांगून टाकते. निवडीत प्रज्ञाचं नाव आलं. तोवर अप्पांना लातूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. लेकीनं त्यांच्या कानात बातमी सांगितली आणि ते हसले, असं म्हणतात. मी तिथं नव्हते. मी जे डोळ्यांनी बघितलं ते अप्पांनी मागितलेल्या त्या उद्याचं.

सकाळ होती, वारा पडलेला, पाणी परातीतल्यासारखं स्थिर. अप्पा चढले. इरफानभाईंनी हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही. आपल्या जागेवर मागे तोंड करून बसले, रुमाल मांडीवर. प्रज्ञा पाण्यातून म्हणाली, "जय भीम, अप्पा! आज किती?"

"शरणार्थी, माय. तू फक्त काढ. मोजायला मी हाय."

बोट निघाली आणि सरळ आमच्यापासून लांब जायला लागली. जाणाऱ्या माणसाची पाठ दिसते. अप्पांचं तोंड मात्र आमच्याकडेच होतं. ते लहान होत गेलं, पण आमच्याकडेच. रुमाल वर गेला. घाटावर आम्ही सगळे मोजायला लागलो, भाऊसाहेब, हलगीवाला, प्रज्ञाचे वडील, सगळे एका सुरात. एक! दोन! तीन! चार! पाचवा रुमाल वर गेला, खाली आला, आणि कुणी श्वास घेईना.

मग सहाव्यांदा वर गेला. आणि खालीच येईना. बोट पार पलीकडच्या काठाला वळेपर्यंत तो पांढरा रुमाल तसाच वर धरलेला होता.